किप्पूरचा पहिला उपास धरताना

योम किप्पूरचा, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास पहिल्यांदा धरणारा जवळजवळ प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो: पाणीसुद्धा न पिता पंचवीस तास निघतील का? निघतात. धडधाकट माणसाला तो दिवस जड जातो, पण झेपतो. तो हलका कसा करायचा ते पुढे सांगणारच आहे. मात्र किप्पूरचं खरं अवघड काम उपासाच्या आधीच्या दिवसांत असतं आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घरांतली तरुण मंडळी आहेत. आजी-आजोबांनी सगळं निगुतीनं पाळलं, पण आईवडिलांच्या बदल्या, नोकऱ्या, दूरच्या उपनगरातली घरं यांत बरंच मागे पडलं, अशी घरं आपल्यात पुष्कळ आहेत. शिवाय "मैत्रिणीबरोबर सिनेगॉगला (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) यायचंय, कसं वागू?" असं विचारणारे शेजारीही आहेत. त्यांच्यासाठीही मध्ये मध्ये लिहिलं आहे.

तारीख आणि रजा

किप्पूर हिब्रू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी येतो. हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे उपास आदल्या संध्याकाळी लागतो. महिना चंद्राचा असल्यानं किप्पूर शुक्ल दशमीच्या आगेमागेच पडतो. २०२५ साली किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आले होते. २०२६ साली उपास रविवारी २० सप्टेंबरला संध्याकाळी लागेल आणि सोमवारी २१ तारखेला अंधार पडल्यावर सुटेल. २०२७ साली तो १० ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून ११ तारखेच्या रात्रीपर्यंत असेल.

आपल्याकडे या दिवसाची सार्वजनिक सुट्टी नसते, तेव्हा रजेचा अर्ज आधीच टाका. कारण विचारलं तर सरळ सांगा. "घरी काम आहे" म्हणून रजा घेऊन या दिवसाला उभं राहणं मला तरी बरं वाटत नाही. २०२६ साली मुंबई-ठाण्याच्या लोकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: २० सप्टेंबरलाच सात दिवसांच्या गणपतींचं विसर्जन आहे. संध्याकाळी रस्ते तुंबतील, त्यामुळे चारच्या आत सिनेगॉगच्या परिसरात पोहोचलेलं बरं.

आधीचा महिना: माणसांकडे जाणं

आपली प्रार्थनेची रीत सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंची आहे. त्यामुळे तिश्रीच्या आधीचा एलूल महिनाभर पहाटे सलिहोत, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना म्हणतात. रोज जमलं नाही तर आठवड्यातून एकदा जा. एकदम किप्पूरच्या दिवशी त्या चाली पहिल्यांदा कानावर पडल्या तर माणूस बुजतो. आधी दोन-चार वेळा ऐकल्या असतील तर त्या गर्दीत ओळखीचं काहीतरी सापडतं.

पण एलूलमधलं मुख्य काम सिनेगॉगच्या बाहेरचं. मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहाच्या योमा या भागात नियम स्पष्ट दिला आहे: माणूस आणि देव यांच्यातल्या पापांची भरपाई किप्पूर करतो, माणसामाणसांतल्या पापांची करत नाही, जोवर तुम्ही त्या माणसाची समजूत काढत नाही तोवर. म्हणजे चुलत भावाचे पैसे बुडवून दिवसभर उपाशी उभं राहिलात, तर ते पैसे तुमच्या नावावर तसेच राहतात.

तेव्हा एक कागद घ्या. वर्षभरात कोणाला दुखावलं, कोणाचं घेतलेलं परत केलं नाही, कोणाबद्दल पाठीमागे काय बोललो, ते लिहा. यादी लांब झाली तर घाबरू नका, आणि चार नावांत संपली तर पुन्हा एकदा घरातल्या माणसांपासून सुरू करा. नवरा, बायको, आई, सासू, कामाला येणाऱ्या मावशी ही नावं यादीतून हमखास सुटतात.

मग एकेकाकडे जा किंवा फोन करा. किप्पूरच्या आदल्या दिवशी "वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा" असा एकच निरोप सगळ्या गटांवर पाठवायची पद्धत हल्ली पडली आहे. तो पाठवू नका असं मी म्हणणार नाही, पण त्याला माफी मागणं म्हणता येत नाही. त्यात काय चुकलं तेच नाही. माफी अशी असते: "काकी, साखरपुड्याच्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुमच्या जेवणाला नावं ठेवली. तुम्ही गप्प बसलात, पण तुमचा चेहरा मी पाहिला होता. मी असं बोलायला नको होतं. मला माफ करा." एवढंच. मागून "पण तुम्हीसुद्धा त्या दिवशी..." असं जोडलंत की सगळं पाण्यात गेलं.

पैशाचा मामला असेल तर आधी पैसे, मग माफी. सगळे एकदम देता येत नसतील तर हप्ता ठरवा आणि पहिला हप्ता किप्पूरच्या आत द्या.

समोरच्यानं झिडकारलं तर? शास्त्र सांगतं, तीन वेळा जा. तिन्ही वेळा मनापासून गेलात आणि त्यानं नाहीच म्हटलं, तर तुमच्या बाजूचं काम झालं. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तुमच्याकडे कोणी माफी मागायला आलं तर त्याला ताटकळत ठेवू नका; माफ करताना कठोर होऊ नये, असं रामबाम या बाराव्या शतकातल्या धर्मपंडितानं बजावलं आहे. ज्याची माफी मागायची तो माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जावं आणि त्यांच्यासमोर अपराध बोलून दाखवावा, अशी जुनी रीत आहे. दहाजण जमवणं आजकाल सोपं नाही, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते मदत करतात.

एक बारीक गोष्ट. तुम्ही कोणाची निंदा केली आणि ती त्याच्या कानावर गेलेलीच नाही, अशा वेळी जाऊन सांगावं का? यावर विद्वानांत मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर, तुमचं मन मोकळं करण्यासाठी दुसऱ्याच्या मनात नवा काटा रुतवू नका. ज्यांच्यापुढे निंदा केली त्यांच्याकडे जा आणि ती खोडून काढा.

उपास कोणी धरू नये

आजार आणि जिवाचा धोका यांपुढे उपास मागे सरतो. यात कमीपणा काही नाही. डॉक्टर खायला सांगत असताना हट्टानं उपाशी राहणं हाच दोष. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, रोजच्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल, तर तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांना विचारा आणि ते काय म्हणाले ते हझानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) किंवा रब्बींना (धर्मगुरूंना) कळवा. बाळंत होऊन तीन दिवस झाले नसतील तर उपास नाहीच. काही आजारांत थोडं थोडं खाण्याची सोय आहे: अगदी लहान घास, मग काही मिनिटं थांबून पुढचा. किती आणि किती वेळानं, हे रब्बी नेमकं सांगतात. तालमुद या धर्मग्रंथात तर असंही आहे की डॉक्टर "गरज नाही" म्हणाले आणि आजारी माणूस स्वतः "मला खायला हवं" म्हणाला, तर त्या माणसाचं ऐकावं.

मुलींना १२ आणि मुलांना १३ वर्षं पूर्ण झाल्यावर उपास लागू होतो. नऊ वर्षांखालच्या मुलांना उपाशी ठेवू नका. त्यापुढच्या मुलांना नाश्ता तासभर उशिरा देऊन सवय लावता येते.

चार दिवस आधीपासून चहा कमी करा

आपल्याकडच्या इतर उपासांशी हा ताडून पाहू नका. साबुदाणा नाही, राजगिरा नाही, दूध-फळं नाहीत, पाण्याचा घोटही नाही. दुपारी डोकं दुखतं ते बहुतेक वेळा भुकेनं नसून चहा तुटल्यामुळे. दिवसाला चार कप घेत असाल तर चार दिवस आधीपासून रोज एक कप कमी करा आणि आदल्या दिवशी शून्यावर या. तंबाखू-सिगारेटचंही तेच.

आदल्या दिवशी नीट जेवणं हेही धर्मकार्यच मानलं आहे, तेव्हा "उद्या उपास म्हणून आज हलकं" असं करू नका. सकाळपासून पाणी पीत राहा, दुपारी भात-वरण पोटभर घ्या. शेवटचं जेवण सूर्यास्ताच्या तासभर आधी संपवा. आमच्याकडे त्या जेवणात कोंबडीचा पातळ रस्सा आणि भात असतो. मांसाबरोबर दूध-दही चालत नसल्यानं रस्सा नारळाच्या दुधातला. एरवीपेक्षा मीठ आणि मिरची निम्मी घाला. लोणचं, पापड, सुकी मासळी त्या दिवशी ताटात नकोच. रात्री तहानेनं जीव कासावीस होतो. शेवटी कलिंगडाची फोड किंवा केळं, आणि दोन पेले पाणी, सावकाश.

कपडे, पादत्राणं आणि पाच बंधनं

या दिवशी पाच गोष्टी वर्ज्य आहेत: खाणंपिणं, अंघोळ, तेल-अत्तर लावणं, चामड्याची पादत्राणं आणि शरीरसंबंध. सकाळी उठल्यावर बोटांच्या पेरांपर्यंत हात धुवायला आणि शौचानंतर धुवायला अर्थातच मुभा आहे. त्याशिवाय शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची सगळी बंधनं लागू: विस्तव पेटवणं नाही, स्वयंपाक नाही, वाहन नाही, फोन नाही, पैशाला हात नाही.

चामड्याचं बंधन फक्त पायापुरतं आहे, पट्टा चालतो. कोल्हापुरी चपला मात्र घरी ठेवा. कापडी बूट किंवा रबरी चपला घाला, आणि त्या आधी दोन दिवस घालून पाहा, कारण तासन् तास उभं राहायचं असतं. कपडे पांढरे: पुरुषांना सदरा-लेंगा किंवा शर्ट-पँट, डोक्याला टोपी, बायकांना पांढरी किंवा फिकी साडी, पंजाबी ड्रेस. एरवी तालीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, सकाळच्या प्रार्थनेला पांघरतात, पण किप्पूरला ती संध्याकाळपासूनच पांघरायची असते. सूर्यास्ताआधी आठवणीनं घ्या.

वाहनाचा प्रश्न मोठा आहे, कारण आपण आता सिनेगॉगच्या गल्लीत राहत नाही. शक्य असेल तर रात्रीपुरता जवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम करा. भायखळा, आग्रीपाडा, ठाणे, पुण्याची रास्ता पेठ इथे कोणाचं ना कोणाचं घर निघतं. अजिबातच सोय नसेल तर घरी बसून उपास धरा, निदान दिवस तरी पाळला जाईल. आपल्या पूर्वजांनी कित्येक पिढ्या असंच केलं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, शाअर हारहमीम, शामुएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली बांधलं. त्याआधी कोकणातल्या गावांत आपली माणसं दारं लावून, पांढऱ्या कपड्यांत, ठाऊक होती तेवढी शेमाची, म्हणजे "हे इस्राएला, ऐक" ही प्रार्थना म्हणत हा दिवस काढायची. म्हणूनच जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणत.

पाहुणे म्हणून येणाऱ्यांनी आधी सिनेगॉगच्या समितीला कळवावं. मुंबईत सुरक्षेमुळे ओळखपत्र पाहतात, न कळवता आलेल्याला दारात थांबावं लागतं. फोटो काढू नका, आत फोन बाहेर काढू नका, आणि अंगणात डबा उघडू नका.

संध्याकाळ: कोल निद्रे

घरी दिवे सूर्यास्ताच्या अठरा-वीस मिनिटं आधी लागतात. सप्टेंबरच्या त्या दिवसांत मुंबईत सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो, म्हणजे सव्वासहापूर्वी दिवे लागलेले हवेत. त्याआधी आईवडिलांकडून आशीर्वाद घ्या. वडील मुलाच्या डोक्यावर हात ठेवतात तेव्हा घाई करू नका, तो मिनिट पूर्ण होऊ द्या.

सिनेगॉगमध्ये हेखाल (पवित्र कपाट) उघडून सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) बाहेर काढतात आणि कोल निद्रे म्हणतात, तीन वेळा. भाषा अरामी आहे. देवापुढे घेतलेल्या आणि पाळता न आलेल्या शपथांतून सुटका मागणारा हा मजकूर आहे. लोकांना दिलेली वचनं त्यानं रद्द होत नाहीत, हे ध्यानात असू द्या. त्याआधी हझान जाहीर करतो की अपराध्यांच्या संगतीत प्रार्थना करण्याची आम्हाला परवानगी आहे. "मी वर्षभर आलो नाही, आता कोणत्या तोंडानं जाऊ" असं वाटणाऱ्यांनी ते वाक्य ऐकायला तरी यावं.

मी वरच्या सज्ज्यात बसते. तिथून खालचे सगळे पांढरे खांदे एकाच वेळी पुढे झुकताना दिसतात, आणि पान कितवं चाललंय ते शेजारच्या आजी बोट ठेवून दाखवतात. नवीन असाल तर अशा आजीशेजारीच बसा. हिब्रू येत नसेल तर मराठी भाषांतराचं पुस्तक समाशकडे (सिनेगॉगच्या सेवकाकडे) मागा.

दिवसभर

प्रार्थना पाच: रात्रीची, मग सकाळी शाहरीत, मुसाफ, दुपारी मिनहा आणि शेवटी नेइला. प्रत्येकीत विदुई, म्हणजे कबुली येते. अशमनू, बगदनू, गझलनू: आम्ही अपराध केला, विश्वासघात केला, लुबाडलं. हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं एकेक शब्द, आणि प्रत्येक शब्दाला उजव्या मुठीनं छातीवर हलका ठोका. सगळं "आम्ही" असं आहे, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या माणसापुढे कोणाचंच गुपित उघडं पडत नाही. तुमच्या कागदावरची नावं मात्र मनात त्या-त्या शब्दापाशी आणा. ठोके मोजत राहिलात तर हाताला व्यायाम होईल, बाकी काही नाही.

सकाळच्या वाचनात यरुशलेमच्या मंदिरात मुख्य याजक दोन बोकडांवर चिठ्ठ्या टाकायचा तो भाग येतो. त्याच सकाळी यशाया संदेष्ट्याचा उतारा वाचतात, ज्यात उपास करून कामगारांना राबवणाऱ्यांना देव झापतो आणि भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्यायला सांगतो. मुसाफमध्ये मंदिरातल्या त्या सेवेचं वर्णन चालू असताना सगळे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावतात. लादीवर अंथरायला छोटं कापड जवळ ठेवा. गुडघे दुखत असतील तर नुसतं वाकलात तरी चालेल.

सर्वांत कठीण वेळ मुसाफ संपल्यावरची, साधारण दोन ते चार. घसा कोरडा पडतो, चिडचिड होते. सावलीत पाय लांब करून पडून राहा, गप्पा टाळा, कारण बोलण्यानं तहान वाढते आणि बोलता बोलता जीभ पुन्हा कोणावर तरी घसरते. लवंगा टोचलेलं लिंबू आदल्या दिवशी करून ठेवलं तर त्याचा वास घेत राहता येतं, मळमळ कमी होते. पण डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत धडधडलं, बोलणं अडखळू लागलं, तर ताबडतोब पाणी प्या आणि जवळच्या माणसाला सांगा. त्यात विचारायचं काही नाही.

मिनहाला योना संदेष्ट्याचं पुस्तक पूर्ण वाचतात. झोप येत असली तरी हे ऐका. निनवेचे लोक पश्चात्ताप करतात, राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, गुराढोरांनासुद्धा उपास घडतो, आणि देव त्यांना माफ करतो. रागावलेला असतो फक्त योना. एका वाळलेल्या रोपट्यासाठी तो हळहळतो, तेव्हा देव त्याला विचारतो: मग एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि इतकी जनावरं असलेल्या शहराची मी दया करू नये? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं. एलूलमध्ये कोणी तुमच्याकडे माफी मागायला आलं असेल आणि तुम्ही "बघू" म्हटलं असेल, तर हा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

नेइलाला उन्हं उतरलेली असतात. "एल नोरा अलिला" हे गीत सुरू झालं की दिवसभर भिंतीला टेकून बसलेली म्हातारी माणसंही उठून उभी राहतात आणि आवाज अचानक दुप्पट होतो. हेखाल उघडा असतो. शेवटी शेमा, मग "अदोनाय हू हाएलोहीम" (परमेश्वर हाच देव) सात वेळा, आणि शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा. घाईनं चपला शोधायला पळू नका, रात्रीची प्रार्थना अजून व्हायची असते.

उपास सोडताना

पहिलं काळ्या मनुकांचं सरबत किंवा साधं पाणी, घोटघोट. मग रव्याचं सारण भरलेली एखादी गोड पुरी. पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि नंतर जेवा: मऊ भात, आमटी, माशाचं कालवण. एकदम तळलेलं आणि तिखट खाल्लंत तर रात्रभर पोट धरून बसाल. पहिला चहा अर्धा कप.

दुसरा दिवस आपल्याकडे शिळा सण. या दिवशी गरिबांना दान द्यायची आणि एकमेकांच्या घरी जायची जुनी चाल आहे. माफीच्या यादीत कोणी राहून गेलं असेल तर त्यांच्याकडेही आजच जा. किप्पूर होऊन गेला म्हणून ते काम रद्द होत नाही. आणि सुक्कोथ, म्हणजे मांडवाचा सण, किप्पूरपासून पाच दिवसांवर आहे, २०२६ साली २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागेल. त्याच दिवशी अनंत चतुर्दशी आहे, वाहतूक बंद असेल. मांडवासाठी माडाच्या झावळ्या हव्या असतील तर शिळ्या सणालाच सांगून ठेवा आणि २४ तारखेपर्यंत घरी आणवून घ्या.